शेव वाजली

"हात नेमका कुठे ठेवला त्यानं?" साहेबांनी विचारलं आणि पावाचा तुकडा कटात बुडवला.

समोर तक्रार करणारी बाई उभी होती. औषधांच्या कारखान्यात ती पॅकिंगला होती. गोदामात सुपरवायझरनं तिला एकटीला गाठलं, त्याची ही चौकशी. साहेब त्यासाठी मुख्य कचेरीतून आले होते. नाश्ता राहिला म्हणून आल्या आल्या त्यांनी कँटीनमधून मिसळ मागवली होती. दोन प्लेट. एक स्वतःला, एक टायपिस्टबाईंना.

"कमरेवर," ती म्हणाली. "मी मागे सरकले. मागे खोकी होती."

टायपिस्टबाईंची बोटं संगणकावर चालू होती. सोळा वर्षं त्या अशा जबान्या उतरवून घेत आल्या होत्या. आणि इथली मिसळ म्हणजे त्यांचा जीव की प्राण. मटकी दाताखाली येईल इतपतच शिजलेली, वर झणझणीत लाल तर्री. "घ्या हो, गार होईल," साहेब म्हणाले तेव्हा त्यांनी आढेवेढे घेतले नव्हते. दोन घास पोटात गेलेही होते. जिभेवर जाळ झाला, नाकातून पाणी आलं, आणि सकाळ सार्थकी लागल्यासारखं वाटलं होतं.

"मग?" साहेबांचं तोंड भरलेलं होतं.

"मग त्यानं दाराची कडी लावली."

साहेबांनी त्याच वेळी मूठभर शेव तोंडात टाकली होती. "काय म्हणालात? पुन्हा सांगा. शेव वाजली."

तिनं पुन्हा सांगितलं. तेच शब्द, पण आवाज आणखी खाली गेलेला. साहेब मान डोलावत होते. तिच्या बोलण्याला की रश्श्याला, ते कळत नव्हतं. तेलाची लाल रेघ त्यांच्या हनुवटीवर उतरली होती. मिशीत एक मटकी अडकली होती, मोडासकट. ओठ हलले की मटकीही हलायची. त्यांनी ती जिभेनं ओढून घेतली. मग करंगळीच्या नखानं दाढ कोरत विचारलं, "ओरडला का नाहीत?"

"त्यानं तोंड दाबलं होतं."

"वा!" साहेब म्हणाले. ते कँटीनवाल्याला होतं. तो रश्श्याचं भांडं घेऊन आत आला होता. "घाला अजून. वरची तर्री घाला, खालचं पाणी नको."

टायपिस्टबाईंच्या तोंडात तिसरा घास होता. त्यांना एकदम जाणवलं, ही तोंड दाबल्याचं सांगतेय आणि आपण चावतोय. तो कांद्याचा वास, ते तेल, साहेबांचा भुरका, सगळ्याचीच शिसारी आली. त्याहून जास्त स्वतःची. त्यांनी घास कागदात काढला, कागद चुरगळून टोपलीत टाकला आणि प्लेट लांब सरकवली.

"काय हो, तिखट लागली वाटतं?" साहेब हसले.

टायपिस्टबाईंनी तेही टाइप केलं. सोळा वर्षं त्या नको ते गाळत आल्या होत्या. साहेबलोकांचे विनोद, मधेच आलेले फोन, बायकोला दिलेली उत्तरं. गाळा असं कुणी सांगितलं नव्हतं. आपलं शहाणपण म्हणून गाळायच्या. आज त्या मजकुरात वर गेल्या, सुटलेलं सगळं जागच्या जागी घातलं, आणि पुढेही काही सोडलं नाही.

जबानी संपली, छापून निघाली. ती वाचून दाखवायची आणि मग सह्या, असा नियम होता. साहेबांनी हात धुतले, ढेकर दिली आणि खुर्चीत रेलून डोळे मिटले. "वाचा."

"तक्रारदार : मग त्यानं दाराची कडी लावली. चौकशी अधिकारी : काय म्हणालात? पुन्हा सांगा. शेव वाजली."

साहेबांचे डोळे उघडले.

"तक्रारदार : त्यानं तोंड दाबलं होतं. चौकशी अधिकारी : वा! घाला अजून. वरची तर्री घाला..."

"हे काय लिहिलंय? काढा ते!"

"बोललात ना साहेब तुम्ही?" टायपिस्टबाई म्हणाल्या. कागद त्यांनी साहेबांकडे दिला नाही. तक्रारदार बाईपुढे धरला. "ताई, बघा. यात काही खोटं नसेल तर सही करा."

बाईनं कागद घेतला. पहिल्या ओळीपासून वाचू लागली. मधे एका ठिकाणी थांबली, टायपिस्टबाईंकडे पाहिलं, आणि पेन मागितलं.

साहेब खुर्ची ढकलून उठले. आवाजात एकदम साखर आली होती. "अहो ताई, घाई कशाला? बसा ना. बसून बोलू आपण."

सव्वा तासात त्यांनी तिला पहिल्यांदाच बसायला सांगितलं होतं. तिनं सही उभ्यानंच केली.