तोंड जमिनीकडे

डोळ्याचा सुटलेला पडदा डॉक्टरांनी बसवला, आत वायूचा बुडबुडा सोडला आणि दिगंबरला बजावलं, “सात दिवस तोंड जमिनीकडे. तो बुडबुडाच पडदा दाबून धरणार आहे.”

जन्मभर टेम्पो चालवलेला माणूस तो. चौथ्या दिवशी पलंगाच्या कडेवरून मान खाली सोडून फरशी बघता बघता त्याची नुसती तगमग होत होती. बायकोवर दोनदा खेकसून झालं होतं.

“कसा आहेस रे?” दारातून थोरल्या भावाचा आवाज आला. आईच्या तेराव्यापासून नऊ वर्षं दोघांत अबोला होता. दिगंबरची मान आपसूक वर जाऊ लागली.

“हलू नकोस,” दादा म्हणाला. “मीच खाली येतो.”

सत्तरीचा दादा गुडघे धरत फरशीवर बसला, धाकट्याच्या तोंडाखाली उताणा झाला आणि म्हणाला, “पार पिकलास की रे!”