सुके चिरे

नसीमानं ओळंबा सोडला. तीन थर चढले तरी तिची भिंत काडीइतकीही कलली नव्हती. ते बघून शेजारी थापी चालवणाऱ्या सखूच्या पोटात दुखायला लागलं.

भाट्याला महिला मंडळाच्या आवारात बायकांच्या गवंडीकामाच्या वर्गाची आज परीक्षा होती. शेवटी उरल्या या दोघी. चिऱ्याची एकेक भिंत बांधायची. जिची सरस, तिला गंगाराम मिस्त्री आपल्या साइटवर शिकाऊ गवंडी म्हणून घेणार. जागा एकच.

वीस वर्षं सखूनं मिस्त्र्यांच्या हाताखाली चिरे वाहिले. टाळूवरचे केस गेले. आणि ही कालची पोर! नवरा कुवेतला, हाताला मेंदी. दोन महिन्यांमागे थापी कुठून धरतात तेसुद्धा ठाऊक नव्हतं. वर स्वभावानं गोड. मेलीला शिव्या घालायचीही सोय नव्हती.

एवढ्यात सखूला दिसलं. चौथ्या थराचे चिरे नसीमानं भिजवलेच नव्हते. सुका चिरा सिमेंटच्या मालातलं पाणी ओढून घेतो, सांधा धरत नाही. उद्या सकाळी मिस्त्री भिंत हलवून बघणार, आणि वरचा थर त्याच्या हातात येणार. सांगावं का? कशाला? सखूनं मान खाली घालून आपला पुढचा चिरा बसवला. फार दिवसांनी तिला इतकं बरं वाटत होतं.

थापीला चिकटलेला माल झाडायला नसीमानं ती भिंतीवर दोनदा आपटली. टक, टक.

साइटवर मिस्त्री असे दोन ठोके देतो तेव्हा त्याला चिऱ्यांवर पाणी हवं असतं. सखू कधी उठली, बादली कधी उचलली, तिचं तिलाच कळलं नाही. भानावर आली तेव्हा नसीमाचे सगळे चिरे चारी अंगांनी नीट भिजवून झाले होते.

"अगो मावशी, मी विसरलेच होते," नसीमा म्हणाली. "तुम्ही नसता तर आज माझं काय खरं नव्हतं."

सखूला वाटलं, हे हात तोडून खाडीत टाकावेत.

दुसऱ्या दिवशी सकाळी गंगारामनं दोन्ही भिंतींना खांदा लावून पाहिला. दोन्ही हलल्या नाहीत. ओळंबा लावला, तर सखूची बोटभर कलती निघाली. नसीमाला त्यानं सोमवारपासून थापी घेऊन यायला सांगितलं. मग तो सखूकडे वळला. काल तो तिथंच उभा होता, सगळं बघत.

"सखू, तूपण ये गो. हिच्या हाताखाली पाण्याला तुझ्यासारखी बाई मिळायची नाय."