अठ्ठाविसावी चाल

या, अशा जवळ सरकून बसा. चटईवर जागा आहे. समोरची उदबत्ती विझायच्या आत संपेल एवढीच गोष्ट आहे, पण कान देऊन ऐका. स्मोत, म्हणजे देवळात नि मरणाच्या घरी सुरात म्हणायचा बौद्ध पाठ, तो गाणाऱ्या एका बाईची आहे.

जुनी गाणी जमवत फिरणारा शहरातला नारिथ रेकॉर्डर घेऊन कंपोंग स्पू प्रांतातल्या एका खेड्यात पोचला, तेव्हा म्हातारी खांबांवर उभ्या घराखालच्या सावलीत विड्याची पानं पुसत बसली होती.

"याय केओ बोफान?" त्यानं हात जोडून, आजीला म्हणतात तसं याय म्हणून विचारलं.

म्हातारीनं मान वर केली नाही. शेजारची ताडगूळवाली सोन कढई ढवळता ढवळता ओरडली, "याय बोफान! अगं, पाहुणा आलाय! कान गहाण टाकलेस का?"

"ऐकलं गं बाई. तुझ्या ओरडण्यानं कढईतला रस नासेल."

बोफान म्हणजे काय चीज होती, ते जुन्या माणसांना विचारा. काळ्या कपड्यांतल्या बंडखोरांच्या राजवटीची ती वर्षं यायच्या आधी रेडिओवर तिचा स्मोत लागला, की बाजारातल्या बाया हातातला तराजू खाली ठेवत. देवळात पौर्णिमा असो की कुणाच्या घरी मरण, धर्माचे चार शब्द गाऊन सांगावेत ते तिनंच. मग फिती जळाल्या, गाणारे खड्ड्यांत गेले. स्मोतच्या अठ्ठावीस चालींपैकी देशात धड पाच उरल्या नाहीत. सगळ्या येणारी ही एकटी. लढाई संपल्यावर एकटीच या गावात आलेली, मागचं-पुढचं कुणी नसलेली. आणि तिची छाती आता भात्यासारखी वाजत होती.

"सगळ्या देते," ती म्हणाली. "एक अट. दर चालीआधी तुझ्या यंत्रात नाव सांगायचं. केओ बोफान. पुरतं नाव."

"सांगतो की."

"आणि कागदावर?"

"कागदावरही. इथं सही करा."

तिनं अंगठा पुढे केला. नारिथला हसू आलं. "रेडिओवरच्या गायिका, आणि अंगठा?"

"लिहिता येणाऱ्यांना तेव्हा कुठं नेत होते, ठाऊक आहे ना, बाळा?"

नारिथचं हसू मावळलं. त्याचा बाप शाळामास्तर होता. त्यानं शाई पुढे केली.

रोज सकाळी ती केळी आणि विडा मांडी, उदबत्ती लावी आणि यंत्राकडे पाठ करून जोडल्या हातांत काहीतरी पुटपुटे. मग वळून मान हलवी. तेव्हा नारिथनं बटण दाबायचं.

"काय म्हणता ते?" त्यानं एकदा विचारलं.

"गुरूचं नाव. ज्याची चाल, त्याचं नाव आधी. त्याशिवाय घसा उघडायचा नाही."

"मग तेही घेऊ या की यंत्रात. कोण तुमचे गुरू?"

"ते तुझ्या यंत्रासाठी नाही. ज्याला ऐकू जायचं त्याला जातं."

आणि ती गायला लागली, की धाप कुठं पळून जाई कोण जाणे. आवाज वर चढे, तिथं थोडा थरथरे, आणि पान पाण्यावर टेकावं तसा खाली येई. पलीकडच्या गावची म्हातारी माणसं येऊन बसत. "हीच ती! रेडिओवरचीच!" म्हणून डोळे पुसत. आईच्या दुधाचं ऋण सांगणारी चाल झाली, तेव्हा सोनची कढई करपली.

"याय, अख्खी कढई गेली माझी!"

"मग रडणं आवर. ढवळायला दोन हात लागतात, डोळे पुसायला एक पुरतो."

सत्तावीस चाली झाल्या. अठ्ठाविसावीला ती अडून बसली.

"ती जाणाऱ्याच्या उशाशीच म्हणायची. उगाच म्हटली, तर कुणाला तरी उठवून नेते."

"मग ती राहूनच जायची, याय! मी काय कुणाच्या मरणाची वाट बघू?"

"बघ की," ती हसली. हसण्याचा खोकला झाला. "फार दिवस नाही लागायचे."

भात कापून झालं आणि सोनचा निरोप आला. नारिथ दुपारी पोचला. म्हातारीला उठून बसवत नव्हतं. तिनं बोटानं यंत्र दाखवलं. नारिथनं माइक तिच्या पोलक्याला अडकवला. मान हलवायचंही त्राण तिच्यात नव्हतं, म्हणून बटण आधीच दाबून ठेवलं.

"नाव सांगितलंस?"

"सांगितलं. केओ बोफान. चाल अठ्ठाविसावी."

"आता खाली जा. ही ऐकायला जाणाऱ्याशिवाय कुणी नको."

नारिथ आणि सोन शिडी उतरून घराखाली बसले. बऱ्याच वेळानं फळ्यांच्या फटींतून आवाज झिरपायला लागला. म्हातारी स्वतःलाच वाट दाखवत होती. सोननं त्या दिवशी चूल पेटवली नव्हती. दोन्ही हात डोळ्यांना मोकळे होते. चाल पुरी झाली, मग वर काहीच हललं नाही.

दहनाच्या वेळी भिक्खूंनी केओ बोफान या नावानं पाठ म्हटला. सगळ्या चालींवर तेच नाव होतं. शहरात परतल्यावर नारिथनं कानांना हेडफोन लावले. अठ्ठाविसाव्या चालीच्या सुरुवातीचा रिकामा भाग तेवढा कापायचा राहिला होता.

शिडीवरून उतरणारी पावलं. खोकला. तळव्याला तळवा टेकल्याचा बारीक आवाज. आणि मग, माइकच्या अगदी जवळ, कुजबुज:

"गुरुमाय केओ बोफान, ही शेवटची. सगळ्या तुमच्या नावावर लागल्या. चुकलं असेल तेवढं माझं."

घरी गेलात, की एक उदबत्ती तिच्यासाठी लावा. नाव ठाऊक नसलं तरी लावा. जिला ऐकू जायचं तिला जातं.