चौथं गाणं

"अगं, पहिलं गिऱ्हाईक आलं!" फोनवर ड्रमवालीचा आनंद गगनात मावत नव्हता. दोघींच्या बँडचा अल्बम सकाळीच साइटवर चढला होता आणि खाली लिहिलं होतं, ‘डाउनलोड करा, वाटतील तेवढे पैसे द्या.’ "चक्क पाचशे दिलेत! थांब, नाव बघते. अगं... तुझे बाबा!"

गायिका ताडकन उठून उभी राहिली. चौथं गाणं बाबांवरच होतं, ‘धाडकन’. रोज संध्याकाळी ते दार आपटून घरात येतात आणि ती नि आई श्वास रोखून बसतात, ते सगळं त्यात होतं.

"मेलीस तू," ड्रमवाली कुजबुजली. "पळ, माझ्याकडे ये."

पण जिन्यात पावलं वाजलीच. कुलपात किल्ली फिरली. तिने फोन टाकला, डोळे गच्च मिटले, कानांत बोटं घातली आणि धाडकनची वाट पाहिली.

काहीच आपटलं नाही. तिने एक डोळा किलकिला केला. आत तान्हं बाळ निजलेलं असावं, तसे बाबा दोन्ही हातांनी हलकेच दार लोटत होते. मग स्वतःच्या बुटांकडे बघत म्हणाले, "किती द्यायचे ते कळेना गं. कमी तर नाही ना पडले?"