कैवल्यचा डबा

रेघ इथंच वळली होती. मनोरमाने सायकल थांबवली, एक पाय खडीवर टेकवला आणि हँडलवरच्या छोट्या पडद्याकडे पाहिलं. तिच्या मुलाचं, कैवल्यचं हे वाट नोंदवणारं यंत्र पोलिसांनी चिखलासकट परत दिलं होतं. त्याच्या शेवटच्या फेरीची निळी रेघ त्यात शाबूत होती. वर किल्ल्यापर्यंत गेलेली, चाळीस मिनिटं तिथं थांबलेली, मग खाली गाडीकडे निघालेली. आणि निम्म्या वाटेवर, इथं, माघारी फिरलेली. पुढे दोनशे मीटरवर ती संपत होती.

"आई, वी कॅन गो बॅक," मागून तिची मुलगी श्रिया म्हणाली.

मनोरमाने नकाराची मान हलवली. अकरा महिने ती याच वळणावर अडकून पडली होती. कॉलेजात असताना नाशकात चालवलेली सायकल, ती आता चोपन्नाव्या वर्षी शारजाच्या बागेत धडपडत पुन्हा शिकली, ती काय हौस म्हणून?

वादी म्हणजे डोंगरातली कोरडी नदी. पात्रात खडी, दोन्ही काठांना खजुराच्या बागा, टेकडीवर दगडी किल्ला. कैवल्य दर शनिवारी इथं यायचा. जर्मनीत एका नदीकाठी द्राक्षमळ्यांतून, किल्ल्यांखालून जाणारी खडीची वाट आहे, ती त्याला उन्हाळ्यात सायकलवरून करायची होती. त्याचा हा सराव. "तिथं द्राक्षं, इथं खजूर, बाकी सेम," म्हणायचा. पोरगं सोन्यासारखं, पण विसरभोळं. डबे विसरण्यात तर त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. दुबईत जेएलटीच्या ऑफिसात तीन घालवले, मेट्रोत दोन. त्या शनिवारी कोथिंबीरवड्यांचा डबा हातात देताना मनोरमा त्याला म्हणाली होती, "आज हा विसरून आलास ना, तर घरात घेणार नाही."

रागाने नव्हे हो, सवयीने. कुठली आई असं म्हणत नाही? पण पोलिसांनी त्याची बॅग दिली तेव्हा तीत डबा नव्हता. मग तिला कुणाला काही विचारावंच लागलं नाही. निम्म्या वाटेत त्याला डबा आठवला, तो आणायला पोर माघारी वळलं आणि पाण्याने गाठलं. आकाश निरभ्र होतं म्हणे. पाऊस पडला होता तो लांब, डोंगरापलीकडे. नवऱ्याला, मधूला, तिने हे एकदाच बोलून दाखवलं. तो तिला वेडी म्हणाला आणि बाल्कनीत जाऊन रडत बसला.

किल्ल्याखालच्या बागेत एक म्हातारा वाळलेल्या झावळ्या गोळा करत होता. मनोरमा हिंदीत काही विचारणार, तोच तो तिच्या तोंडाकडे बघत राहिला आणि मराठीतच म्हणाला, तुम्ही कैवल्यच्या आई. तोंडावळा तोच आहे. त्याचं नाव हमदुल्ला. रत्नागिरीकडचा. सव्वीस वर्षं ही बाग तोच राखत होता.

वाटेत शंभर वेळा घोकलेलं सगळं मनोरमा विसरली. तिने एवढंच विचारलं, "त्याचा डबा... इथं राहिला होता का?"

हमदुल्ला खोलीत गेला आणि डबा घेऊन आला. स्टीलचा, घासून लख्ख केलेला. झाकणावर तिनेच कोरून घेतलेलं नाव. म्हणजे खरंच होतं! अंगणात एकुलत्या द्राक्षवेलीचा मांडव होता, त्याखाली एका दगडावर ती मटकन बसली. श्रियाने तिचा खांदा धरला.

"उघडा तो," हमदुल्ला म्हणाला.

डबा काठोकाठ भरलेला होता. मनुकांनी.

मग त्याने सांगितलं. कैवल्य दर शनिवारी त्याच्याबरोबर डबा वाटून खायचा. त्या दिवशी वड्या संपल्या आणि कैवल्य डबा बॅगेत टाकायला लागला, तर हमदुल्लाने तो काढून घेतला. रिकामा डबा परत द्यायची रीत नाही आमच्यात. तुमच्यात तरी आहे का? पण घरात तेव्हा साखरसुद्धा नव्हती. पुढच्या शनिवारी भरून देतो, असं तो म्हणाला. कैवल्य हसला. आज आई घरात घेणार नाही, म्हणाला. मग स्वतःच म्हणाला, जाऊ दे चाचा, सांगतो तिला. रिकाम्या डब्याचं म्हटलं की तिला पटेल. हमदुल्लाने पुढच्या शनिवारी बाजारातून खजूर आणून भरून ठेवले. नेणार कोण? उन्हाळ्यात वेलीला द्राक्षं आली, ती त्याने सुकवली आणि खजूर काढून त्या मनुका भरल्या.

मनोरमाने डब्यावरची नजर उचलली. "मग तो वळला कशाला?"

"पुढून पाणी आलं, ताई. बाजूच्या वादीचं, एकदम आडवं. मी वरून बघत होतो. तो जीव वाचवायला वळला, इकडे किल्ल्याकडे यायला. बरोबरच केलं त्याने. पण तेवढ्यात वरून मोठं पाणीही आलं."

पोलिसांनाही त्याने हेच सांगितलं होतं. तो जबाब अरबीत कुठंतरी पडून राहिला, आणि मनोरमापर्यंत पोरगा वाहून गेला एवढंच पोचलं.

अकरा महिन्यांत ती पहिल्यांदा मोकळेपणी रडली. श्रियाही रडली. हमदुल्ला पाण्याचा तांब्या घेऊन बाजूला उभा राहिला.

बऱ्याच वेळाने मनोरमा उठली. डब्यातल्या मनुका तिने ओढणीत ओतून घेतल्या आणि घट्ट गाठ मारली. कैवल्यच्या नावाने वादीत ठेवायला म्हणून आणलेल्या कोथिंबीरवड्या बॅगेतून काढल्या. एकेक करून त्या डब्यात लावल्या, झाकण बसवलं आणि डबा हमदुल्लाच्या हातात दिला.

"भाई, हा राहू दे तुमच्याकडे," ती म्हणाली. "परत नाही आला तरी चालेल."