जड स्टिअरिंग

गॅरेजच्या खड्ड्यात उतरून मेकॅनिकने टॉर्च वर धरला. गाडीच्या पोटाला, स्टिअरिंगच्या रॅकमधून, लाल तेल टपटप गळत होतं. ते बघून त्याच्यामागे उतरलेल्या मास्तरांचा जीव भांड्यात पडला. आता गाडी गळते म्हणून कुणाला आनंद झालेला कधी ऐकलाय? मास्तरांना झाला. इतका, की त्यांनी मेकॅनिकच्या पाठीवर थापच मारली.

मास्तर म्हणजे गाडी शिकवणारे. अर्ध्या शहराने याच जुन्या गाडीत, त्यांच्या शेजारी बसून घाम गाळला होता. शिकाऊ माणूस गडबडला की शेजारून उजवा हात टाकायचा आणि चाक ओढून घ्यायचं, त्यांचं सगळं पोट त्या एका हातावर. आणि हल्ली चाक ओढलं जात नव्हतं. स्टिअरिंग जड झालंय, असं ते भेटेल त्याला सांगत. सकाळी शर्टाचं बटण काजात जात नाही, हे मात्र त्यांनी बायकोलासुद्धा सांगितलं नव्हतं. थोरल्या भावाचं असंच सुरू झालं होतं. आधी बटण, मग चमचा, आणि मग अंथरूण. त्याच्या पुढचं मास्तर मनातही आणत नसत. रात्री मूठ मिटून बघत, उघडून बघत, आणि घाबरून कूस बदलत.

आता सगळ्याचा उलगडा झाला होता. गळक्या रॅकशी रोज कुस्ती खेळायची म्हटल्यावर हाताची वाट लागणार नाही तर काय! आणि असा दमलेला हात बटण तरी कसं लावणार?

मेकॅनिकचं म्हणणं होतं, नुसतं सील बदलून बघू, एवढ्यानेही भागेल. मास्तर ऐकेनात. अख्खा रॅकच बदल म्हणाले. नळ्या नव्या घाल, पंपही बघून घे, काही म्हणता काही शिल्लक ठेवू नकोस. मेकॅनिक त्यांच्याकडे बघतच राहिला. वायपरचं रबर बदलायचं म्हटलं तरी हुज्जत घालणारा हा माणूस, आज स्वतःहून मान पुढे करत होता.

मास्तर घरी गेलेच नाहीत. जुन्या टायरवर बसून राहिले, मागितला तो पाना देत राहिले, डाव्या हाताने. जुना रॅक बाहेर निघाला तेव्हा त्यांनी त्याला एक ठेवणीतली शिवी हासडली. नवा बसला. तेल भरलं. पुढची चाकं जॅकवर उचलून मेकॅनिकने स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवून तेलातली हवा काढली. पंप आधी कण्हला, मग गप्प झाला. तोवर मास्तरांची बायकोही कामावरून सुटून तिथेच आली. दोघं मिळून घरी जायचं ठरलं होतं.

गाडी जमिनीवर आली. मास्तर चढून बसले, इंजिन चालू केलं आणि सवयीने एकाच हाताने चाक डावीकडे घेतलं.

अर्ध्यावर उजवा हात थांबला. थांबला म्हणजे थांबलाच. त्यांनी जोर लावला, तशी बोटं आपोआप सैल पडली आणि चाक निसटलं. घामाने असेल, म्हणून त्यांनी तळवा पँटला पुसला. पुन्हा घेतलं. पुन्हा तेच.

"अजून जड आहे रे," ते म्हणाले. "हवा राहिली असेल बघ."

मेकॅनिकने खिडकीतून हात आत घातला. चाक त्याने एका हाताने पार डावीकडे नेलं, पार उजवीकडे आणलं. जराही आवाज झाला नाही. मग त्याची नजर मास्तरांच्या मांडीवर पडलेल्या हातावर गेली. थोरल्या भावाला त्यानेही पाहिलं होतं.

"नवीन आहे ना, मास्तर," तो म्हणाला. "चार दिवस लागेल जड. मग होईल सवयीचं."

नवा रॅक जड लागत नसतो. हे मास्तरांना ठाऊक होतं, मेकॅनिकला ठाऊक होतं, आणि समोरच्याला ठाऊक आहे हेही दोघांना कळलं होतं. नवं म्हटलं की लागतंच जड, असं काहीतरी पुटपुटत मास्तर खाली उतरले आणि बायकोला म्हणाले, तू घे गाडी.

ती चकित झाली. तिला गाडी शिकवली होती त्यांनीच, पण तिचं गिअर टाकणं त्यांना बघवत नसे, त्यामुळे ते सोबत असताना चाक तिच्या वाट्याला कधी आलंच नव्हतं. आता बोलणी खायची तयारी ठेवूनच ती बसली. मास्तर शेजारी बसले आणि उजवा हात त्यांनी मांडीखाली दाबून धरला. फाटकातून बाहेर पडताना तिने गिअर खरकन टाकला, तरी ते काही बोलले नाहीत.

चौकातलं वळण आलं. तिने चाक फिरवलं, आणि गाडी विनातक्रार वळली. तशी तिला एकदम हसू फुटलं आणि हसता हसता डोळे भरून आले.

"अहो, किती हलकं झालंय हे!" ती म्हणाली. "कसली वेडी मी. तुमची बटणांशी चाललेली झटापट रोज बघत होते. मला वाटलं, भाऊजींसारखं तुमच्या हातालाच काही झालं. रोज देवाला विनवत होते. आणि निघाली काय, तर गाडी!"

भरल्या डोळ्यांनी, हसऱ्या तोंडाने ती त्यांच्याकडे वळून बघत राहिली.

"समोर बघ," मास्तर म्हणाले. "समोर बघून चालव."