नखांपायी

मुलीच्या उजव्या हाताच्या नखांना धक्का लागू नये म्हणून वर्षानुवर्षं भांडी मीच घासली. नख तुटलं की गिटारचा सूर बिघडतो म्हणे! आजच्या कार्यक्रमात मध्यंतरापर्यंत तिने युरोपातल्या रचना अशा वाजवल्या, की सभागृहात कुणी खोकलंसुद्धा नाही. आता तिच्या बाबांच्या कॅरिबियन बेटावरची गाणी होती. पाठ थोपटायला आत गेले, तर बाईसाहेब नेलकटर घेऊन बसलेल्या! नखं केव्हाच उडाली होती. "अगं, वेड लागलं का तुला?" "आई, गोदीत पोती उचलणाऱ्या माणसाला नखं कुठली? बाबा नुसत्या बोटांनीच वाजवायचे ना?" पडदा उघडला. पहिल्याच सुराला मी दचकले. तो मऊ, किंचित घोगरा आवाज ते गेल्यापासून मी ऐकला नव्हता. कार्यक्रम संपल्यावर ती धावत आली. "कसं वाजलं?" मी नाक पुसलं. "बरं वाजलं. आजपासून मात्र भांडी तू घासायची."